अख्खं गाव जामीन

कोर्टाच्या आवारात ट्रॅक्टर थांबला तेव्हा दारावरच्या शिपायाला वाटलं, मोर्चाच आला. ट्रॉलीतून माणसं उतरतच होती. म्हातारे उतरले, बायका उतरल्या, कडेवरची पोरं उतरली, आणि सगळ्यांच्या मागून दोघांनी धरून आंधळ्या झाडूबाबालाही उतरवलं.

"निवेदन बाहेरच द्या," शिपाई म्हणाला.

"निवेदन नाई भाऊ," पुढे आलेली बुधरी म्हणाली. "आमी जामीनदार आहो."

"यातले कोण कोण?"

"सारेच."

बुधरीचा नवरा दसरू तीन वर्षांपासून तुरुंगात होता. त्याच्या चुलीवर शिजत होतं ते मटण रानडुकराचं, असं वनखात्याचं म्हणणं. पाळलेल्या डुकराचं, असं दसरूचं. खरं काय ते प्रयोगशाळा सांगणार होती आणि प्रयोगशाळा तोंड उघडत नव्हती, म्हणून खटलाही सुरू होत नव्हता. जामीन मात्र गेल्या होळीलाच मंजूर झाला होता. जमीन असलेला एक जामीनदार आणा आणि माणूस घेऊन जा, इतकं सोपं.

घोडं तिथेच अडलं होतं. येरकाटोल्यात एकट्याच्या नावावर कुणाचंच काही नव्हतं. जमिनीचा, जंगलाचा हक्क मिळाला होता तो साऱ्या गावाला मिळून. शिवाय गावाची रीत अशी, की माणसाबद्दल शब्द द्यायचा तर गावानं द्यायचा. एकट्यादुकट्याच्या शब्दाला तिथे कुत्रंही विचारत नाही. तेव्हा ग्रामसभेनं एकमतानं ठरवलं, सारेच जाऊ. जो मागे राहील त्याचा दसरूवर भरवसा नाही असं समजलं जाईल, म्हटल्यावर मागे कोण राहतो? झाडूबाबाला तर तापही होता.

अर्धं गाव कोर्टात मावलं, अर्धं खिडक्यांना लागलं. सरकारनं दिलेले वकील प्रफुलभाऊ एरवी खालच्या मानेनं बोलत. आज पाठीशी एवढी माणसं पाहून त्यांना आवाज फुटला.

"साहेब, जमीन ग्रामसभेची आहे. म्हणून ग्रामसभाच हजर केली आहे."

न्यायाधीशांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावून पाहिलं. माणसं तेवढीच होती. "आणि आरोपी पळून गेला तर मी कुणाला धरू?"

"तो पळून जाईन कुठी सायेब?" ग्रामसभेचा अध्यक्ष पोचू म्हणाला. "ज्याच्या घरी लपाचं, ते सारे तर इथी उभे आहेत."

न्यायाधीशांनी फाईल तोंडासमोर धरली. फाईलमागे ते हसले हे बुधरीला दिसलं आणि तिच्या जिवात जीव आला. त्या टेबलामागे कुणाला हसताना ती पहिल्यांदाच पाहत होती.

"ठीक आहे," ते म्हणाले. "ग्रामसभेचा जामीन मी घेतो. फक्त ही माणसं दिलेल्या पत्त्यावर राहतात का, याची पोलिसांकडून खात्री करून घ्यावी लागेल. एरवी महिने जातात. मी आजच करून मागवतो."

लगेच ठाण्याला फोन गेला. बाहेर कडुनिंबाखाली डबे सुटले. बुधरीनं आनंदाच्या भरात शिपायालाही बळंच भात आणि अंबाडीची भाजी वाढली. ट्रॉलीत दसरूला कुठे बसवायचं यावर बायकांचं जोरात भांडण झालं. ते ऐकायला तिला फार गोड वाटलं.

हवालदारही भला निघाला. तीन वर्षं जे हललं नव्हतं ते त्या दिवशी मोटरसायकलवर बसून सुसाट पळालं, आणि दुपारीच अहवाल कोर्टातल्या पेशकाराच्या फोनवर आला.

सगळे आत धावले. व्हिडिओवरून जोडलेला तुरुंगातला दसरू भिंतीवरच्या पडद्यावर बसला होता. वाळला होता. कोर्टातली गर्दी पाहून तो पुढे वाकला.

"सारेच आले? मंग कोंबड्यांले कोण पाह्यते?"

"कोंबड्याच पाह्यतेत कोंबड्यांले," बुधरी म्हणाली. "तू चूप बैस."

पेशकार वाचू लागला. "समक्ष मौजे येरकाटोला येथे जाऊन खात्री केली असता एकही जामीनदार दिलेल्या पत्त्यावर मिळून आला नाही. सर्व घरे बंद. शेजाऱ्यांकडे चौकशी करावी तर शेजारीही मिळून आले नाहीत."

झाडूबाबा खोकला.

"साहेब, ते सगळे इथं आहेत," प्रफुलभाऊ म्हणाले.

"मला दिसतंय. पण अहवाल विरुद्ध असताना मी सोडलं, तर उद्या वरचं कोर्ट मला विचारेल." न्यायाधीशांनी हवालदाराला पुन्हा फोन लावायला सांगितला. हवालदार एव्हाना मंत्र्याच्या बंदोबस्ताला गेला होता. मग त्यांनी बुधरीकडे न पाहता दिवाळीनंतरची तारीख दिली. "पुन्हा तपासणीला येतील. कधी ते सांगता येत नाही, तोवर सगळ्यांनी घरीच थांबा."

"मंग तारखेवर इथी कोण येईन?" पोचूनं विचारलं. तो थट्टा करत नव्हता.

बुधरीला रडायचं होतं, पण नवरा पाहत होता म्हणून तिनं पदर तोंडात कोंबला.

पडद्यावर दसरू उठून उभा राहिला. त्यानं सारं ऐकलं होतं. त्यानं हात जोडले.

"सायेब, हवालदारसायेबाले इकडं पाठवता का? येरकाटोल्याचा एक तरी माणूस पत्त्यावर हमखास सापडन. मी कुठीच जात नाई."