हवेतला दोरा

“डोळे मिटून शिव. हात फसेल, पाय फसायचा नाही.” बापाचा हा आवाज म्हाताऱ्या शिंप्याच्या कानात अजून होता. त्याचे पाय पायडलला नुकते पुरायला लागले होते, तेव्हाचा.

“काका, डोळे मिटा,” आता दवाखान्यातली सिस्टर म्हणाली. “तळव्याला दोरा लागला की ‘हो’ म्हणायचं.”

दोरा नायलॉनचा, गळाला असतो तसला. शिंप्यानं बूट-मोजे काढून पाय पुढे केले.

“हो.” अंगठा. “हो.” करंगळीचं मूळ. “हो.” टाच. एकसारखं, टीप मारावी तसं.

“साखर आहे, पण पाय खणखणीत,” शेजारी बसलेली बायको म्हणाली. “मी म्हणते रोज तळवे बघू द्या, तर म्हणतात, तळवे म्हणजे काय लग्नाची मुलगी, रोज दाखवायला?”

सिस्टर हसली. तिची नजर चवड्यावरच्या एका लाल वर्तुळावर थांबली होती. तिनं दोरा उचलला आणि हवेतच धरला.

“हो,” शिंपी म्हणाला.

बायकोनं तोंड उघडलं. सिस्टरनं ओठांवर बोट ठेवलं.

“हो.”

“झालं का?” म्हणत त्यानं डोळे उघडले. दोरा तळव्यापासून वीतभर लांब होता.

“काका, लागत नाही म्हणालात तर पाय कसा जपायचा ते शिकवीन,” सिस्टर म्हणाली. “लागतंय म्हणत राहिलात, तर जखम चिघळेपर्यंत कळायची नाही. मग पाय जातो.”

“आणि मशीन? बंद करायला लावाल.”

“मशीनचं नंतर बघू. हे वर्तुळ कसलं?”

शिंप्याला ठाऊक नव्हतं. बायकोनं खाली वाकून त्याचा बूट उचलला, उलटा केला. फरशीवर टणकन एक बटण पडलं. कोटाचं, जाड, शिंगाचं.

“अहो, सकाळी याच्यासाठी दुकान डोक्यावर घेतलं होतं ना तुम्ही? मला नाही नाही ते बोललात.” बोलता बोलता तिचा आवाज उतरला. “दिवसभर यावर चाललात?”

शिंप्यानं बटण उचललं. अंगठ्यानं त्याची भोकं चाचपली. बोटांना ती लागत होती.

“मशीनवर बसलो की वाकून बघतो,” तो म्हणाला. “पाय पायडलवर आहे का ते.”