आधी येणारा आकडा

दक्षिण कोरियातल्या साचन शहरातील आमच्या चाचणीगृहात लढाऊ विमानाच्या पंखाखाली लटकणारी इंधनटाकी जाळीच्या पिंजऱ्यात टांगली होती. तिच्यात पाणी भरून टप्प्याटप्प्याने दाब वाढवायचा आणि पत्रा किती ताणला जातो ते नोंदवायचे, हे पीएचडी झाल्यापासून माझे काम.

पहिल्या टप्प्याला ताणाचा आकडा आधी वाढला आणि मग मी पंपाचे बटण दाबले. घड्याळ तपासले, ते बरोबर होते. दुसऱ्या टप्प्याला आकडा दहा सेकंद आधी आला, तिसऱ्याला पूर्ण मिनिटभर.

दर टप्प्यानंतर आमचे जुने तंत्रज्ञ प्योदादा पिंजऱ्यात जाऊन टाकीवर तळहात ठेवत. नियमाला धरून नव्हते, पण तीस वर्षे ते असेच करत आले होते.

"दादा, आता आत जाऊ नका. आकडा बटणाच्या आधीच येतोय."

"काही विपरीत घडू नये म्हणून सकाळीच आपल्या रीतीनं डुकराचं डोकं मांडून पूजा केलीय, डॉक्टरबाई. तुमचा आकडाच उतावळा, त्याचं लग्न लावून द्या! कॉफी करून ठेवा, आलोच."

ते आत गेले. चौथ्या टप्प्याचे बटण मी दाबले नव्हते, दाबणारही नव्हते. तरी आकडा चढत गेला, लाल रेषेवर पोहोचला आणि एकदम शून्य झाला. टाकी फुटली तरच असे होते.

काचेपलीकडे टाकी अखंड होती.

"दादा, बाहेर या!" मी माइकवर ओरडले.

"पंप कशाला लावलात हो?" ते हसत म्हणाले. तळहात टाकीवरच होता. "हाताखाली फुगतेय ही."

पंपाचा दिवा विझलेला होता.