डाव्या कोपऱ्यातला पोचा

"ही माझी गाडी नाही," आप्पा म्हणाले आणि हातातला ट्रक त्यांनी टेबलावर ठेवला. ठेवला कसला, आदळलाच. एक इवलासा आरसा निसटून फरशीवर पडला.

कंपनीचा मॅनेजर पहिल्या नमुन्याचं खोकं उघडून उभा होता, तो तसाच राहिला. ओट्यापाशी आप्पांची मुलगी साच्यात रेझिन ओतून नुकतीच हात पुसत होती. तिनं मान वळवली.

ट्रक वीतभर लांबीचा. निळी केबिन, मागं लाकडी फळ्यांचा हौदा, आत बोटाच्या पेराएवढं स्टेअरिंग. आप्पांनी ज्या गाडीवर उभं आयुष्य काढलं, तिचीच ही प्रतिकृती. आप्पांच्या जुन्या ट्रान्सपोर्ट कंपनीच्या वर्धापनदिनाला प्रत्येक पाहुण्याच्या हातात अशी एकेक द्यायची होती. काम आप्पांच्या मुलीकडे आलं होतं, कारण घरच्या घरी रबराचे साचे घालून असे ट्रक घडवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

"असं काय करता काका?" मॅनेजर हसत म्हणाला. "नंबर तुमचाच आहे की. रंगही तोच."

"नंबर काय, कुणीही रंगवतो. पोचा कुठंय?"

"कसला पोचा?"

आप्पांनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. लेकीकडे पाहिलं. "डावा कोपरा. दिव्याच्या वर. तुझ्याजवळ फोटो होता ना?"

"होता," ती म्हणाली. "कोरताना केलाही होता, आप्पा. मग पुट्टीनं भरला, घासून गुळगुळीत केला. यांचा फोन आला होता, गाडी कोरी करकरीत दिसू दे म्हणून. मलाही वाटलं, चार लोकांच्या हातात जाणार. तुमच्या गाडीत खोट कशाला?"

"खोट!"

राग आला की माणसाचा आवाज चढतो. आप्पांचा खाली उतरला, इतका, की मॅनेजरला पुढं वाकून ऐकावं लागलं.

"सायकलवर बाई होती, साहेब. मागं पोर, तिच्या कमरेला विळखा घालून बसलेलं. उतारावर ब्रेक लागेना, आली ती सरळ माझ्यासमोर. मी गाडी भिंतीत घातली. बाई घाबरून पडली, उठली, पोराचे कपडे झटकले, मलाच चार शिव्या घातल्या आणि गेली. देव तिचं भलं करो. मालक काय म्हणाले? ड्रायव्हरला डुलकी लागली. भर गॅरेजात, सगळ्यांदेखत. वर म्हणाले, पोचा ठोकून घेऊ नका. राहू दे तसाच, रोज गाडीत चढताना ह्याला दिसला पाहिजे."

"काका, झालं गेलं ते..."

"दिसला ना! रोज दिसला. मी मुद्दाम पुढून वळसा घालायचो. त्याच्यावर हात टेकवायचो, तो हात कपाळाला लावायचो आणि मगच गाडीत चढायचो." आप्पांनी ट्रकच्या गुळगुळीत कोपऱ्यावरून बोट फिरवलं. "तेव्हा मला लाज वाटावी म्हणून ठेवला. आता तुम्हाला लाज वाटते म्हणून पुसता? अहो, हा पोचा नसता तर ह्या जागी ती दोघं असती! आणि पुसला कुणी? माझ्या पोटच्या पोरीनं. पॉलिश पेपर घेऊन, मन लावून!"

मुलीनं ओट्यावरच्या साच्याला हात लावून पाहिला, रबर बाजूला ओढलं आणि आतली नवी केबिन बाहेर काढली. बिनरंगाची, दुधी, उन्हात राहिलेल्या भांड्यासारखी गरम.

"आप्पा, इकडे या."

"कशाला? आणखी एक नटवायची असेल."

"अंगठा द्या. रेझिन अजून कच्चं आहे. आत्ता जे द्याल ते घेईल."

तिनं बोटानं जागा तेवढी दाखवली. आप्पा क्षणभर तिच्या तोंडाकडे बघत राहिले. मग त्यांनी अंगठा टेकवला आणि दाबला. कोपरा आत गेला.

"दाबून धरा. गार होईपर्यंत सोडू नका."

"अहो ताई, हे काय चाललंय?" मॅनेजर पुढं झाला. "मालकांना मी काय सांगू? पाहुण्यांना द्यायच्या गाड्या आहेत. सगळ्या एकसारख्या पाहिजेत!"

"एकसारख्याच निघतील," ती म्हणाली. तिनं कात्री घेतली आणि जुना साचा मधोमध कापला. रबर चिवट होतं, दोनदा कात्री अडकली, तिसऱ्यांदा तिनं दात आवळून जोर लावला. दोन्ही तुकडे केरात टाकले आणि नवं रबर ढवळायला घेतलं. "नवा साचा आता ह्या केबिनवरून घालते. जी निघेल ती पोच्यासकट निघेल. नको असेल तर दुसरीकडे करून घ्या."

मॅनेजरनं मदतीसाठी आप्पांकडे पाहिलं. आप्पा श्वास रोखून उभे होते, रांगणारं मूल पडू नये म्हणून धरावं तशी ती केबिन दोन्ही हातांत धरून.

"झालं असेल," मुलगी म्हणाली.

आप्पांनी अंगठा उचलला. खोलगट जागेत त्यांच्या अंगठ्याच्या रेघाही उमटल्या होत्या. त्यांनी केबिन मॅनेजरसमोर धरली. त्यानं ती घेतली, उजेडाकडे फिरवली, आणि नकळत आपलाही अंगठा त्या पोच्यात ठेवला. मग चटका बसावा तसा झटकन मागे घेतला.

"घाबरू नका, साहेब," आप्पा म्हणाले. "आता ते पक्कं झालंय."