सावलीबाहेरचा नारळ

"मावशी, गणिताप्रमाणे झळ येऊन गेली. शीड सोडा ना! तिकडे वसाहतीत माणसं तापानं फणफणलीत आणि औषध इथं आपल्याकडे पडलंय," जहाजाची इंजिनियर केतकी म्हणाली.

जहाज हाकणारी तांडेल चांगुणामावशी खिडकीपासून हलली नाही. जहाज अंतराळातल्या एका खडकाच्या सावलीत उभं होतं. सावलीबाहेर, ताऱ्याच्या उजेडात, तिनं सकाळी सोडलेला नारळ तरंगत होता. तेव्हा केतकी हसली होती.

हा तारा दर पन्नासेक दिवसांनी भडकायचा. पहिली झळ दुर्बिणींना आंधळं करायची, म्हणून त्या झाकून ठेवल्या होत्या. झळ ओसरली की नऊ दिवस प्रकाशाचा जोर टिकायचा आणि त्या जोरावर शिडाची जहाजं निघायची.

"नारळ अजून धड आहे. थांब," मावशी म्हणाली.

तेवढ्यात बाहेरचा नारळ लख्ख पांढरा उजळला. नारळ तडकला आणि त्यातून वाफेचा लांबच लांब झोत निघाला. बाहेर असते तर शिडाची राख झाली असती, हे केतकीला कुणी सांगावं लागलं नाही.

वाफ विरली आणि नारळावरचा लख्ख उजेड ओसरला, तेव्हा मावशीनं शीड सोडलं. जहाज डौलात उजेडात आलं.

"हे तुम्हाला कुणी शिकवलं, मावशी?"

"पृथ्वीवर आमची माणसं दर्याला नारळ द्यायची, शांत हो म्हणून." मावशीनं काळ्या काचेतून ताऱ्याला हात जोडले. "याला तसं सांगायची आपली काय छाती? आपण नुसतं विचारायचं, झालास का रे बाबा शांत?"