भोपळ्याची नळी

बाईंचं पुस्तक उद्या सकाळी छापखान्यात जाणार होतं आणि त्याच्या पहिल्याच प्रकरणात भोपळ्या वळू होता. बाईंनी ते प्रकरण आज सकाळीच मामांना स्वतः वाचून दाखवलं. ऐकता ऐकता मामांचा चहा निवला. तो त्यांनी तसाच घशाखाली ढकलला.

मामांनी प्रयोगशाळेचा गोठा आयुष्यभर सांभाळला होता. मानेतून रक्त काढावं तर त्यांनीच. सुई गेल्याचं गायीला कळतही नसे. बाईंनी त्या रक्ताचे गट शोधण्यात हयात घालवली होती. सुरुवातीला वरिष्ठ हसले होते. गायीचं रक्त लाल असतं, यापलीकडे त्यात शोधायचं काय, असं एकाने विचारलं होतं. बाईंनी गोठ्यामागची वैरणीची खोली मागून घेतली, एका गायीचं रक्त दुसरीला टोचून तिच्या अंगात तयार होणारं सीरम बाटल्यांत साठवलं, आणि दहा वर्षांत कोणतं वासरू कोणत्या वळूचं नाही हे त्या छातीठोकपणे सांगू लागल्या. रक्त ‘नाही’ ठामपणे सांगतं, ‘हो’ कधीच म्हणत नाही, असं त्या म्हणत. पुतणीला पाहायला आलेला मुलगा कसा वाटला, असं वहिनींनी विचारलं, तेव्हाही त्यांनी विचारपूर्वक उत्तर दिलं होतं, की नाकारण्याजोगं अद्याप काही सापडलेलं नाही.

त्यांच्याकडे एकाच गोष्टीला क्षमा नव्हती. एका सहायकाने दोन नळ्यांच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल केली आणि ती दडवली. संध्याकाळपर्यंत त्याचं टेबल रिकामं झालं. चूक चालेल, दडवलेली चूक चालणार नाही, असं बाई म्हणाल्या तेव्हा मामा दाराशीच उभे होते. त्यांनी मान खाली घातली, कारण भोपळ्याची गोष्ट त्याच्या वर्षभर आधीची होती.

भोपळ्या पाच दिवसांचा असताना विकत आणलेला. मामांनी त्याला बाटलीने दूध पाजून वाढवलं. तो वळू झाला तरी अंगाने आणि स्वभावाने भोपळाच राहिला. त्याची वासरं देखणी निघाली. फक्त त्यांच्या रक्तात असा एक गुण सापडला, जो भोपळ्यात नव्हता आणि त्यांच्या आयांतही नव्हता. म्हणजे वासरं त्याची नव्हेत. ज्याच्या संततीचा भरवसा नाही, असा वळू पोसायचा कशाला? कत्तलखान्याचा हुकूम निघाला. मध्ये उरली होती ती फक्त एक फेरतपासणी.

मामांना तोवर नळ्यांची भाषा कळू लागली होती. सीरम घातल्यावर ज्या रक्तात तो गुण असेल ते विरघळतं, नसेल ते तळाशी बसतं. शेजारच्या दावणीच्या वळूत तो गुण होता. मामांनी त्याचं थोडं रक्त भोपळ्याच्या नळीत मिसळलं.

तपासणीत अर्धं रक्त विरघळलं, अर्धं तळाशी बसलं. बाईंनी नळी उजेडात धरून पुन्हा पुन्हा फिरवून पाहिली. तिसऱ्या दिवशी त्यांनी मामांना बोलावून विचारलं, की भोपळ्या जुळा होता का. खरेदीच्या कागदावर जन्माची हकिगत नव्हती. मामांना काहीच ठाऊक नव्हतं.

“हो, जुळाच,” ते म्हणाले.

मग बाई दोन वर्षं गोठ्यागोठ्यांतून जुळी वासरं शोधत हिंडल्या. जुळ्यांचं रक्त गर्भातच एकमेकांत मिसळतं आणि दोघंही जन्मभर दोन रक्तं वागवतात, हे त्यांनी सिद्ध केलं. भोपळ्याच्या नसांत भावंडाचंच रक्त अधिक, स्वतःचं नावापुरतं. पहिल्या तपासणीत ते निसटलं म्हणून पोटची वासरं परकी ठरली, असा त्यांचा निष्कर्ष होता. भोपळ्या वाचला आणि म्हातारा होऊन मेला. बाईंचं नाव देशोदेशी गेलं.

सिद्धान्त खरा होता, शेकडो जुळ्यांवर पडताळलेला होता. पण त्याची पहिली वीट खोटी, हे जगात मामा सोडून फक्त मामींना ठाऊक होतं.

“तेहतीस वर्षं पोटात ठेवलंत, आता कशाला ओकताय?” मामी म्हणाल्या. “छापून येऊ द्या आणि गप्प बसा.”

“आजवर खोटं माझ्या नावावर होतं,” मामा म्हणाले. “उद्यापासून ते बाईंच्या नावावर लागेल.”

निवृत्तीनंतरही दोघांचा दुपारचा चहा बाईंच्या खोलीत होत असे. तो आज शेवटचा, असं मनाशी धरूनच मामा जिना चढले. त्यांनी उभ्यानेच सगळं सांगितलं. नळीत दुसऱ्या वळूचं रक्त आपण ओतलं, जुळ्याची थाप आपणच मारली, ते प्रकरण काढून टाका. बाई लाल पेनाने मुद्रितं तपासत होत्या. त्यांचा हात थांबला नाही.

“किती ओतलं होतंत?”

“चमचाभर.”

“पांढऱ्याचं.”

मामांनी वळूचं नाव घेतलं नव्हतं. ते खुर्चीत बसले.

“कळपातल्या प्रत्येकाचं रक्त मला पाठ होतं,” बाई म्हणाल्या. “तुम्हाला हाकलायचं असं ठरवूनच मी दुसऱ्या दिवशी गोठ्यात गेले. तुम्ही वैरण आणायला गेला होतात. भोपळ्याचं रक्त मी स्वतः काढलं. त्याने मला लाथ घातली.”

त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि मामांच्या कपात चहा ओतला.

“मी भरलेल्या नळीत पांढऱ्याचा थेंब नव्हता, मामा. तरीही रक्तं दोनच निघाली.”