चौथा ठोका

पोकळीत तरंगणाऱ्या, वेलीने एकत्र बांधलेल्या आमच्या खडकांवर एक नियम आहे. वेलीची फांदी तोडण्याआधी तिच्यावर तीन ठोके मारायचे. पलीकडच्या खडकावरून उत्तर आलं, तर तोडायची नाही.

या फांदीला पलीकडे खडकच उरला नव्हता. आठ वर्षांपूर्वी तो सुटून अंधारात गेला, माझ्या धाकट्या बहिणीसकट. तुटकं टोक समोर पोकळीत लोंबत होतं.

“उरक गं,” मुकादम म्हणाले. “तिथे कोण बसलंय उत्तर द्यायला?”

मी हातोडी उचलली. तेवढ्यात फांदीतूनच तीन ठोके आले, मग एक हलकासा चौथा. चौथा फक्त माझी बहीण मारायची, मला चिडवायला.

“उत्तर आलं!”

“तू विचारलंस कुठे?” मुकादम म्हणाले. “हे तर ती विचारतेय.”

उत्तर द्यायला मी जीव खाऊन ठोकत सुटले.

हाताखाली फांदी थरथरली. पलीकडून कुऱ्हाडीचा पहिला घाव बसला होता.