मावशीच्या मांडीवरची अंगाई

"कुणाला सांगितलंस?" दिग्दर्शकाने दारातूनच विचारलं. बूट काढायचंही त्याला भान नव्हतं.

"कुणालाच नाही, सर. आत या. आणि जरा हळू बोला, बाळ आत्ता कुठे झोपलंय."

त्याने फोन तिच्या नाकासमोर धरला. मालिकेच्या चाहत्यांच्या गटात सकाळी एकच वाक्य येऊन पडलं होतं, 'खून मावशीने केलाय.' खाली टोपणनाव होतं, तिरकी मान.

ते बरोबर होतं. हीच तर पंचाईत होती.

इंटरनेटवरची ती रहस्यमालिका प्रेक्षकांनी स्वतः सोडवायची होती. नवा भाग आला की लोक त्यावर तुटून पडायचे, पात्रांना निरोप धाडून प्रश्न विचारायचे, आणि शेवटच्या भागाआधी कुणावर तरी आरोप ठेवायचे. गोष्टीत एका बंगल्याच्या मालकाचा खून झाला होता. संशय त्याच्या भावावर होता, डॉक्टरवर होता. शेजारची मावशी मात्र सगळ्यांची लाडकी. मालकाच्या तान्ह्या नातीला तीच तर सांभाळायची. खुनी कोण ते लेखकाला, दिग्दर्शकाला, मावशी झालेल्या नटीला आणि पार्श्वसंगीत करणाऱ्या हिला, एवढ्यांनाच ठाऊक होतं.

"त्या दोघांना मी झाडून आलोय," दिग्दर्शक म्हणाला. "उरलीस तू. तूच फोडलं असशील तर पुढच्या सीझनचं संगीत दुसऱ्या कुणाला तरी देणार. स्पष्ट सांगतो."

बाळंतपणानंतरचं तिचं हे पहिलं काम. ते हातातून गेलं असतं तर पुन्हा दार ठोठावायला कुठे जायचं, हे तिला माहीत नव्हतं. 

"सर, मी नवऱ्यालासुद्धा सांगितलेलं नाही. सासूबाई तर रोज मागे लागतात."

"लागते ना," आतून सासूबाई म्हणाल्या. "तोंडाला नळ बसवला तरी ही थेंब सोडायची नाही."

"चला, त्या 'तिरकी मान'च्याच तोंडून ऐकू," ती दिग्दर्शकाला म्हणाली. "आज त्यांची बैठक आहे."

दर रविवारी दुपारी चाहते ऑनलाइन जमायचे. भागातलं चित्र बंद करून नुसतं संगीत लावायचे, आणि ऐकता ऐकता भांडायचे. ती दर वेळी गुपचूप ऐकायची. मालिकेच्या माणसांनी तिथे तोंड उघडायचं नाही, असा दंडक होता. खिडकीला गाद्या लावून आवाज अडवलेल्या तिच्या कामाच्या खोलीत दोघं संगणकापुढे बसली.

"पुरावा दे आधी," शंकासुर नावाचा कुणी गुरगुरत होता. "मावशीवर आळ घेतेस? जीभ कशी रेटते गं?"

"देते की," तिरकी मान म्हणाली. बाईचा आवाज होता, तरुण आणि ठाम. "बाळाला कुणीही उचललं की तीच अंगाई वाजते, खरं ना? आता सगळ्यांनी टेबलावर बोटाने ठेका धरा. आधी डॉक्टर उचलतो ते ऐकू."

टकटक सुरू झाली. पियानो ठेक्याला धरून होता.

"आता भाऊ."

तसंच.

"आता मावशी."

दुसऱ्या ओळीतच बोटं मागे पडली. पियानो पुढे निघाला होता. थोडासाच, पण थांबायला तयार नव्हता.

"वाजवताना चुकलं असेल!" शंकासुर म्हणाला.

"दर भागात? आणि फक्त मावशीच्याच मांडीवर?" बाई हसली. "अरे, हे वाजवणारं माणूस आईच असणार. माझंही असंच होतं. नको त्या माणसाने बाळ घेतलं की तोंडाने मी 'असू दे, असू दे' म्हणते, पण हात आधीच पुढे झालेले असतात. हिलाही बाळ परत हवंय, चटकन. मावशी कोण आहे ते हिला माहितीये."

गटात पुन्हा टकटक सुरू झाली. दिग्दर्शक तिच्याकडे बघत राहिला. अंगाई यंत्राच्या ठेक्यावर वाजवायची नाही, निर्जीव होते, हा हट्ट तिचाच होता. सगळीकडे एकसारखंच वाजवलंय, अशी तिची खात्री होती.

"म्हणजे फोडलंस तूच," तो म्हणाला. आवाजातली धार मात्र गेली होती. "शेवटच्या भागातही मावशी बाळाला घेतेच आहे. ते तरी पुन्हा वाजव. सरळ."

ती पियानोवर बसली. तो बोटाने ठेका देत राहिला. पहिली ओळ नीट गेली. दुसरीत त्याचं बोट मागे राहिलं. तिने पुन्हा सुरुवात केली. दात आवळून वाजवलं. पुन्हा तेच.

बाळाला खांद्यावर थोपटत सासूबाई दारात आल्या. "अगं, कोण लागलंय तुझ्या पाठीला?"

तिने हात मांडीवर घेतले. मग तिला हसू आलं.

"राहू द्या सर हे असंच. त्यांनी कान देऊन ऐकलंय, त्यांना जिंकू द्या."

"आणि पुढचा सीझन?"

"तो मीच करणार. अशी अंगाई तुम्हाला दुसरं कोण देणार आहे?" ती म्हणाली. "फक्त या वेळी खुनी कोण, ते मला सांगू नका."